गोळीत किती आणि अंगात किती? लोह, झिंक, तांबं, आयोडीन ह्यांच्या रूपांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मसिस्ट आहे, परळ-लालबाग भागात मेडिकलच्या काउंटरवर असते. आजूबाजूला मोठी हॉस्पिटलं, त्यामुळे चाळीतली, टॉवरमधली, कोकणातून पेशंट घेऊन आलेली सगळी माणसं एकाच काउंटरला येतात आणि रक्तवाढीच्या गोळ्यांबद्दल सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. ते इथे एकत्र लिहितेय. आधीच एक सांगून ठेवते, गोळ्यांच्या पत्त्यावर (म्हणजे स्ट्रिपवर) छापलेला मिलिग्रॅमचा आकडा म्हणजे रक्तात पोचणारा आकडा नव्हे, तो पदार्थ कुठल्या रूपात आहे आणि पोटात त्याच्या सोबतीला काय आहे ह्यावर खरं गणित ठरतं. औषध आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार, मी फक्त त्यामागचं कारण सांगतेय.

सूक्ष्म मूलद्रव्यं म्हणजे नक्की कुठली?

लोह, झिंक, तांबं, आयोडीन, सेलेनियम, मँगनीज, मॉलिब्डेनम अशी, शरीराला लागतात पण अगदी थोडी. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगात लोह असतं ३ ते ४ ग्रॅम, झिंक साधारण २ ग्रॅम, आणि आयोडीन तर काही मिलिग्रॅमच, तेही बहुतेक थायरॉइडमध्ये. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ह्यात येत नाहीत, ते भरपूर लागतात, पण गोळ्या एकत्र घेतल्या जातात म्हणून पुढे त्यांचा उल्लेख येईल.

एका पत्त्यावर फेरस सल्फेट, दुसऱ्यावर फ्युमरेट, तिसऱ्यावर ॲस्कॉर्बेट. लोह तर एकच ना?

लोह एकच, पण ते गोळीत सुटं नसतं, कशाला तरी जोडलेलं असतं, आणि गोळीचं वजन म्हणजे त्या जोडीचं वजन. म्हणून बघा, पाण्याचे रेणू धरून ठेवलेलं फेरस सल्फेट ३०० मिग्रॅ घेतलं तर त्यात लोह साधारण ६० मिग्रॅ, वाळवलेलं फेरस सल्फेट २०० मिग्रॅ म्हणजे लोह ६५ च्या आसपास, फेरस फ्युमरेट २०० मध्ये पण तेवढंच, आणि फेरस ग्लुकोनेट ३०० मिग्रॅ असूनही लोह फक्त ३५. डॉक्टर जेव्हा "साठची गोळी" म्हणतात तेव्हा ते शुद्ध लोहाबद्दल बोलत असतात, इकडे पत्त्यावर मोठ्या अक्षरात कधी क्षाराचा, म्हणजे त्या अख्ख्या जोडीचा आकडा असतो आणि खाली बारीक अक्षरात लोहाचा. ती बारीक ओळ वाचायची. "एलिमेंटल आयर्न" किंवा "समतुल्य लोह" असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. दोन ब्रँडची तुलना करायची असेल तर ह्याच ओळीवरून करा, नाहीतर ग्लुकोनेटची ३०० ची गोळी मोठी वाटते आणि फ्युमरेटची २०० ची लहान, आणि प्रत्यक्षात उलटं असतं.

फेरस आणि फेरिक ह्यात एवढा काय फरक?

ही लोहाचीच दोन रूपं, फरक एका इलेक्ट्रॉनचा, पण शरीरासाठी तो फार मोठा आहे. जठरातून पुढे लहान आतड्याचा पहिला भाग लागतो, लोह मुख्यतः तिथेच शोषलं जातं. तिथल्या पेशींवर डीएमटी-१ नावाचं एक वाहक प्रथिन असतं आणि ते फक्त फेरस रूपातलं लोह आत घेतं. फेरिक लोहाला थेट प्रवेश नाही, आधी त्याचं फेरस व्हावं लागतं, ते काम पेशीच्या बाहेरच्या बाजूला असलेलं एक एन्झाइम करतं. दुसरी अडचण अशी की जठरातल्या ॲसिडमध्ये फेरिक विरघळलेलं राहतं पण आतड्यात ॲसिड कमी झालं की ते गाळासारखं खाली बसायला लागतं आणि एकदा गाळ झाला की तसंच पुढे निघून जातं. फेरस लोह तिथेही बऱ्यापैकी विरघळलेलं राहतं. व्हिटॅमिन सी दोन्ही कामं करतं, फेरिकचं फेरस करतं आणि लोहाला धरून ठेवून गाळ होऊ देत नाही.

सिरपवाल्या "पॉलिमाल्टोज"मधलं लोह फेरिक असतं. चव बरी, पोटात जळजळ कमी, आणि हा फायदा खोटा नाही, पोरं खरंच घेतात. पण परिणाम तेवढाच होतो का? २०१७ मध्ये अमेरिकेत डॅलसला लहान मुलांवर झालेल्या चाचणीत फेरस सल्फेटचे थेंब आणि ह्याच जातीचं, म्हणजे पॉलिसॅकराइडला (साखरेच्या लांब साखळीला) जोडलेलं लोह समोरासमोर दिलं गेलं, लोहाची मात्रा सारखी, आणि १२ आठवड्यांनी साध्या सल्फेटवाल्या मुलांचं हिमोग्लोबिन जास्त वाढलेलं होतं. माझं मत सरळ आहे, मूल साधं औषध घेत असेल तर फक्त महाग आणि गोड आहे म्हणून बदलायचं काही कारण नाही. अजिबात घेतच नसेल, दर वेळी ओकून टाकत असेल, तर गोष्ट वेगळी, कारण पोटात न गेलेलं सल्फेट काहीच कामाचं नाही. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

गोळी रिकाम्या पोटी घ्यायची की जेवून?

रिकाम्या पोटी जास्त शोषली जाते. पण मळमळ, पोटात कळ, बद्धकोष्ठता हेही रिकाम्या पोटी जास्त जाणवतं आणि मग लोक गोळी बंदच करतात, हे तर मी रोज बघते. सोसत नसेल तर थोडं खाऊन घ्या, शोषण कमी होईल पण चालू तर राहील. शौच काळी होते, त्याला घाबरू नका, न शोषलेलं लोह बाहेर पडताना रंग देतं. डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असेल तर मात्र दाखवायचं, ते रक्त असू शकतं.

चहाबरोबर घेतली तर चालेल?

नाही. ह्या एका उत्तरावर मी अडून बसते. सकाळी उठल्या उठल्या चहा, ऑफिसात पोचल्यावर कटिंग, डबा खाल्ला की परत चहा, आणि गोळी त्यातल्याच एका घोटाबरोबर. चहातले टॅनिनसारखे पदार्थ लोहाला असं पकडतात की ते आतड्याला मिळतच नाही, जेवणासोबत घेतलेला एक कप चहा धान्य-भाज्यांमधल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. दूध घालून हे टळत नाही, उलट दुधातलं कॅल्शियम पण आडवं येतं. चहा सोडायला कोणी सांगत नाहीये, फक्त जेवण आणि गोळी ह्यांच्यापासून तासभर तरी लांब ठेवा. कॅल्शियमची गोळी पण वेगळ्या वेळेला, म्हणजे लोह सकाळी आणि कॅल्शियम रात्री असं काहीतरी. गरोदर बायकांना दोन्ही एकदम लिहून दिलेल्या असतात आणि त्या दोन्ही एकाच घोटात गिळतात, तेव्हा विचारून वेळा ठरवून घ्या.

मग लिंबूपाण्याबरोबर घेऊ का? व्हिटॅमिन सीची वेगळी गोळी?

लिंबू जेवणात पिळा, तिथे त्याचा खरा उपयोग आहे. पोह्यांवर लिंबू, मटकीच्या उसळीवर लिंबू आणि कोथिंबीर, कोशिंबीर, आवळा, पेरू, ह्यांनी जेवणातलं लोह चांगलं उचललं जातं. पण गोळीतलं लोह आधीच फेरस असतं आणि मात्राही मोठी असते, तिथे वरून सी दिल्याने फारसं काही वाढत नाही. चीनमध्ये ४४० पेशंटवर झालेल्या आणि २०२० साली छापून आलेल्या चाचणीत लोहाच्या गोळीसोबत व्हिटॅमिन सी दिलेल्यांचं आणि न दिलेल्यांचं हिमोग्लोबिन सारखंच वाढलं. त्यामुळे वेगळ्या गोळीचा खर्च नको, त्या पैशात पेरू घ्या.

रोज दोन गोळ्या घेतल्या तर लवकर रक्त वाढेल ना?

नाही वाढत, आणि ह्याचं कारण फार छान समजलंय गेल्या काही वर्षांत. लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन बनवतं. लोहाचा मोठा डोस आला की हेप्सिडिन वाढतं आणि आतड्याच्या पेशीतून रक्तात जायचा जो मार्ग असतो तो बंद करतं, हा परिणाम साधारण २४ तास टिकतो. म्हणजे सकाळी ६० मिग्रॅ घेतलं आणि संध्याकाळी परत घेतलं तर दुसऱ्या गोळीतलं लोह आतड्याच्या पेशीत अडकतं, ती पेशी चारपाच दिवसांत झडून जाते आणि लोह तिच्याबरोबर बाहेर. झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या पण ॲनिमिया नसलेल्या बायकांवर हे मोजलं, २०१७ साली छापून आलं, रोज गोळी घेणाऱ्यांमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास लोह शोषलं गेलं आणि एक दिवसाआड घेणाऱ्यांमध्ये जवळपास २२ टक्के. पोटाचा त्रासही एक दिवसाआड कमी.

पण म्हणून गरोदर बाईने स्वतःहून एक दिवसाआड करायचं नाही हं. सरकारी कार्यक्रमात गरोदरपणात ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची लाल गोळी रोज घ्यायची असते, निदान १८० दिवस, आणि महापालिकेच्या दवाखान्यात ती फुकट मिळते. ह्या फुकटच्या लाल गोळीला खूप जणी कमी समजतात, बाजूला ठेवतात आणि माझ्याकडून महागडा पत्ता घेऊन जातात. त्यातलं लोह फेरस आहे, मात्रा व्यवस्थित आहे, वेळेवर आणि चहाशिवाय घेतली तर ती उत्तम काम करते.

पालक, बीट, खजूर खातोय तरी रक्त कमी. असं का?

कारण वनस्पतीतलं लोह आणि मांसातलं लोह ही दोन वेगळी रूपं आहेत. मटण, कलेजी ह्यांच्यात हीम लोह असतं, हिमोग्लोबिनच्या रेणूत गुंडाळलेलं, ते आख्खं उचललं जातं आणि १५ ते ३५ टक्के शोषलं जातं, चहा किंवा फायटेट (धान्य-डाळींतला लोह बांधून ठेवणारा पदार्थ) ह्यांचा त्याच्यावर फार परिणाम होत नाही. भाजी, डाळ, धान्यातलं लोह सुटं असतं, शोषण २ टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत कितीही, ताटात आणखी काय आहे त्यावर. पालकात लोह आहे पण ते मोकळं मिळत नाही, बीटमध्ये मुळातच कमी आहे, लाल रंगाचा आणि रक्ताचा संबंध नाही.

आपल्याकडे रोजचं पोट भरतं ते चपाती, भाकरी, डाळ ह्यांवर आणि ह्या सगळ्यात फायटेट असतं, ते लोह आणि झिंक दोघांनाही बांधून ठेवतं. म्हणूनच आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत बाईला दिवसाला २९ मिग्रॅ लोह सांगितलंय आणि अमेरिकेत त्याच वयाच्या बाईला १८, आपलं रक्त वेगळं नाहीये, ताट वेगळं आहे.

शाकाहारी लोकांनी काय करायचं मग? कडधान्य भिजवून मोड आणा, मोड येताना फायटेट मोडतं. आंबवलेलं खा, आंबोळी, इडली, ढोकळा. अळिवाचे लाडू बाळंतिणीला देतात ते चांगलंच आहे, लोह भरपूर असतं त्यात, पण लाडू चहासोबत द्यायची पद्धत तेवढी बदला.

लोखंडी कढईचा खरंच उपयोग होतो?

होतो. आंबट आणि ओलं काही बराच वेळ शिजलं तर जास्त, म्हणजे चिंच-गुळाची आमटी, टोमॅटोची भाजी, अळूचं फतफतं. ॲसिड लोखंड विरघळवतं आणि ते लोह पदार्थात उतरतं. कोरडी चपाती तव्यावर भाजून फार नाही उतरत. उतरलेलं लोह हीम नसतं, भाजीतल्या लोहासारखंच वागतं, म्हणून त्यालाही लिंबू मदत करतं आणि चहा नडतो. नॉनस्टिकचं किंवा इनॅमलचं आवरण असेल तर विषयच नाही. आणि ॲनिमिया झाल्यावर फक्त कढईवर विसंबून राहू नका, तिथे गोळीच लागते.

रेशनच्या तांदळात ते वेगळे दाणे दिसतात, प्लास्टिक आहे का ते?

नाही हो. ते तांदळाच्याच पिठापासून बनवलेले दाणे असतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी१२ मिसळलेलं असतं आणि साधारण शंभर साध्या दाण्यांत एक असा मिसळतात. निवडून फेकू नका.

त्यातलं लोह कुठलं, हा प्रश्न मला जास्त आवडतो. त्यात बहुधा फेरिक पायरोफॉस्फेट असतं. फेरस सल्फेट जास्त चांगलं शोषलं गेलं असतं पण त्याने भाताचा रंग आणि चव बिघडते, कोणी खाल्लाच नसता. पायरोफॉस्फेट पांढरं, बेचव, कमी विरघळणारं. म्हणजे शोषण थोडं सोडून दिलं आणि माणसं खातील हे पक्कं केलं. दुसरा पर्याय सोडियम आयर्न ईडीटीए, ह्यात लोहाला ईडीटीए नावाच्या पदार्थाने धरून ठेवलेलं असतं त्यामुळे फायटेटला ते हाती लागत नाही. एफएसएसएआयच्या, म्हणजे आपल्या अन्न सुरक्षा संस्थेच्या नियमातच हा फरक दिसतो, फोर्टिफाइड तांदळात साधं लोह असेल तर किलोमागे २८ ते ४२.५ मिग्रॅ आणि ईडीटीएवालं असेल तर फक्त १४ ते २१.२५. निम्म्या मात्रेत काम होतं म्हणून निम्मी मात्रा.

थॅलेसेमिया किंवा सिकल सेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार असलेल्यांनी मात्र ह्या तांदळाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं.

झिंकच्या गोळ्या सगळ्या सारख्याच का?

नाही. झिंक ऑक्साइडमध्ये वजनाच्या ८० टक्के झिंक असतं, ग्लुकोनेटमध्ये १४ टक्केच, म्हणून कंपन्यांना ऑक्साइड सोयीचं, छोट्या गोळीत मोठा आकडा बसतो. पण ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, त्याला जठरातलं ॲसिड लागतं. तरुण निरोगी माणसांवर मोजलं गेलं तेव्हा ग्लुकोनेट आणि सायट्रेटमधलं झिंक ६१ टक्क्यांच्या आसपास शोषलं गेलं आणि ऑक्साइडमधलं ५० च्या, म्हणजे अगदी वाया नाही जात, पण काही लोकांत जवळजवळ काहीच शोषलं गेलं नाही. ज्यांना ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल किंवा तसलं काही रोज चालू आहे त्यांना हा फरक जास्त जाणवणार, कारण त्यांच्या पोटात ॲसिडच कमी. मुंबईत ती गोळी किती जण वर्षानुवर्षं स्वतःच घेतात ते मी बघते, आणि तिच्यामुळे लोह आणि बी१२ चं शोषणही कमी होतं. कशासाठी आणि किती दिवस घ्यायची ते एकदा तरी डॉक्टरांना विचारा.

झिंक माणसाला लागतं हे कळलं कसं त्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद १९५८ मध्ये इराणला शिराझमध्ये काम करत होते. तिथे वाढ खुंटलेले तरुण त्यांना दिसले, वय विशीचं आणि दिसायला लहान मुलगे, रक्तही कमी. ते मुख्यतः न आंबवलेल्या गव्हाच्या रोट्या खायचे आणि माती खायचे. नुसत्या लोहाच्या कमतरतेने वाढ अशी खुंटत नाही, म्हणून प्रसादांना झिंकचा संशय आला आणि पुढे इजिप्तमध्ये त्यांनी तो सिद्ध केला, झिंक दिल्यावर तिथली तशीच मुलं वाढायला लागली. रोटीत झिंक होतं, फायटेटने अडवलेलं होतं. हीच गोष्ट आपल्या ताटाला पण लागू आहे. आणि मुंबईत राहून मासे खात असाल तर कालवं लक्षात ठेवा, झिंक त्यांच्याइतकं दुसऱ्या कुठल्याच खाण्यात नसतं.

मुलाला जुलाब झाले की झिंकची गोळी का देतात?

जुलाबात झिंक शरीराबाहेर जातं आणि आतड्याचं अस्तर भरून यायला ते लागतं. ओआरएसबरोबर १४ दिवस, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिग्रॅ, त्याहून लहान बाळाला १० मिग्रॅ. पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळणारी गोळी असते, बहुतेक वेळा सल्फेट. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून बंद करायची नाही, पूर्ण १४ दिवस द्यायची.

कोविडपासून रोज ५० मिग्रॅ झिंक घेतोय. चालू ठेवू?

कोणी सांगितलं नसेल तर बंद करा. मोठ्यांना दिवसाला ४० मिग्रॅच्या वर नको. झिंक जास्त झालं की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन जास्त बनवतात आणि ते तांब्याला झिंकपेक्षा घट्ट धरतं. तांबं पेशीतच अडकतं आणि पेशीबरोबर झडून जातं. महिनोन्महिने असं चाललं तर तांब्याची कमतरता होते, त्यातून ॲनिमिया आणि हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं इथपर्यंत गोष्ट जाते. विल्सन नावाच्या आजारात शरीरात तांबं साठतं, तिथे हाच गुण औषध म्हणून वापरतात, झिंक ॲसिटेट देतात.

तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यावं का?

साधं पाणी रात्रभर ठेवलं तर थोडं तांबं उतरतं, निरोगी माणसाला त्याने त्रास होत नाही. ताक, लिंबू सरबत, सोलकढी, चिंचेचं काहीही मात्र तांब्यात किंवा बिनकल्हईच्या पितळेत ठेवायचं नाही, आंबटामुळे तांबं भराभर विरघळतं आणि उलट्या होतात. आजीच्या वेळी कल्हईवाला दारावर यायचा तो ह्याच कारणासाठी.

गोळ्यांमधल्या तांब्याबद्दल एक सांगते, मल्टिव्हिटॅमिनच्या यादीत "क्युप्रिक ऑक्साइड" लिहिलं असेल तर ते जवळजवळ नावापुरतंच आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून ते शोषलं जात नाही हे दिसलं होतं आणि १९९९ मध्येच ते वापरू नये असं शास्त्रज्ञांनी लिहिलं. सल्फेट किंवा ग्लुकोनेट असेल तर ठीक.

मिठात आयोडीन कुठल्या रूपात असतं? सैंधव वापरलं तर?

आपल्या मिठात पोटॅशियम आयोडेट असतं, अमेरिकेत बऱ्याचदा पोटॅशियम आयोडाइड. दोन्ही शरीराला चालतात, आयोडेटचं पोटात आयोडाइड होतं आणि ते जवळपास सगळं शोषलं जातं. मग आयोडेटच का? कारण आयोडाइड दमट हवेत टिकत नाही, आयोडीन उडून जातं, आणि मुंबईच्या जुलैत मिठाची बरणी उघडी राहिली तर काय होतं ते आपल्याला माहितीये. तरी बरणी घट्ट लावा आणि मीठ शक्यतो शेवटी घाला. तुमच्या घरी पोचणाऱ्या मिठात निदान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असायला हवं.

सैंधव, गुलाबी मीठ ह्यांत पुरेसं आयोडीन नसतं. उपासाला एखाद दिवस ठीक, रोजच्यासाठी नको, घरात गरोदर बाई असेल तर नकोच, बाळाच्या मेंदूचा प्रश्न आहे. १९५६ पासून हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी केलेल्या कामातून आयोडीनवालं मीठ खाऊन गलगंड कमी होतो हे दिसलं, त्यावरून १९६२ मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

सेलेनियम आणि क्रोमियमच्या गोळ्या?

सेलेनियम सेलेनोमेथिओनिन रूपात ९० टक्क्यांहून जास्त शोषलं जातं, सोडियम सेलेनाइट त्याहून कमी. जास्त शोषलं जातं म्हणजे जास्त होण्याची भीतीही जास्त, दिवसाला ४०० मायक्रोग्रॅमच्या वर केस गळतात, नखं खराब होतात.

क्रोमियममध्ये रूपाचा फरक सगळ्यात भयंकर. तीन संयुजेचं क्रोमियम जेमतेम अर्धा ते अडीच टक्के शोषलं जातं आणि फार त्रास देत नाही. सहा संयुजेचं क्रोमियम पेशीत सहज घुसतं आणि कॅन्सर करतं, कानपूरच्या चामड्याच्या कारखान्यांजवळ आणि ओडिशात सुकिंदाच्या खाणींजवळ पाण्यात हेच सापडतं. गोळ्यांमध्ये असतं ते तीन संयुजेचं, पिकोलिनेट म्हणून, शुगरसाठी विकतात. पण युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१४ मध्ये क्रोमियम माणसाला लागतंच ह्याचा खात्रीचा पुरावा नाही असं म्हटलंय. शुगरच्या औषधाऐवजी ते घेऊ नका.

बी१२ तर व्हिटॅमिन, त्याचा ह्या मूलद्रव्यांशी काय संबंध?

बी१२ च्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट असतं आणि माणसाला कोबाल्ट फक्त ह्याच रूपात उपयोगी पडतं. मिथाइलकोबालामिन चांगलं की सायनोकोबालामिन, हे रोज विचारतात. पेशीत गेल्यावर दोन्हीचा "मिथाइल" किंवा "सायनो" हा जोडलेला भाग काढून टाकला जातो आणि शरीर आपल्याला हवं ते रूप बनवतं, त्यामुळे साधं सायनो बहुतेकांना पुरतं, ते टिकतंही जास्त. स्पिरुलिनामधलं बी१२ मात्र बहुतांशी नकली रूपातलं, माणसाला न चालणारं, शाकाहारी लोकांनी त्याच्यावर विसंबू नये.

माशांत पारा असतो म्हणतात. खायचे की नाही?

खा, निवडून खा. पाऱ्याचं उदाहरण घेतलं की रूपाचं महत्त्व लगेच कळतं. थर्मामीटरमधला द्रव पारा कोणी गिळला तर ०.०१ टक्क्याहून कमी शोषला जातो, त्याचीच वाफ श्वासातून गेली तर ८० टक्के, आणि माशातला मिथाइल पारा पोटातून ९५ टक्के. म्हणून थर्मामीटर फुटला तर खिडक्या उघडा, झाडू किंवा व्हॅक्युम मारू नका, कागदाने गोळा करा. मोठे शिकारी मासे आयुष्यभर छोटे मासे खातात म्हणून त्यांच्यात मिथाइल पारा साठतो, मोरी, मोठा टूना, मोठी सुरमई. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील ह्यांत कमी. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी छोटे मासे खावेत, मासेच बंद करू नयेत.

"कीलेटेड" लिहिलेल्या गोळ्या महाग असतात. घ्याव्यात?

कीलेटेड म्हणजे दुसऱ्या रेणूने पकडून धरलेलं. लोहाचं बिसग्लायसिनेट त्यातलंच, ते खरंच पोटाला सौम्य असतं आणि फायटेटच्या जेवणात बरं शोषलं जातं. साधं सोसत नसेल तर डॉक्टरांशी बोलून घ्या. पण सोसतंय तर तिप्पट पैसे देऊन तिप्पट रक्त वाढत नाही. आणि एका गोळीत लोह, झिंक, कॅल्शियम, तांबं सगळं कोंबलेलं असेल तर ते विरारच्या गाडीच्या एकाच दारातून सगळ्यांनी एकदम आत शिरायला बघण्यासारखं आहे.

तीन महिने लोह घेतलं, ब्रँड बदलले, हिमोग्लोबिन हलत नाही.

चौथा ब्रँड घेण्याआधी तपासणी करा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघा, सीबीसी ह्या रक्ततपासणीतला एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) बघा आणि डॉक्टरांना थॅलेसेमियासाठी एचबीए२ ची तपासणी लागेल का विचारा. थॅलेसेमिया मायनर (सौम्य रूप) असलेल्यांच्या लाल पेशी लहान असतात, हिमोग्लोबिन थोडं कमीच राहतं आणि लोह पुरेसं असेल तर गोळ्यांनी ते वाढत नाही. सिंधी, लोहाणा, पंजाबी घरांत हे जास्त दिसतं पण मराठी घरांतही असतं. गरोदरपणात निघालं तर नवऱ्याचीही तपासणी लगेच, दोघांत असेल तर बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे त्याचं गंभीर रूप होऊ शकतं. ह्याशिवाय पाळीत जास्त रक्त जाणं, मूळव्याध, जंत, सिलिॲक (गहू न सोसणारा आतड्याचा आजार) ही कारणंही असतात.

घरात लहान मूल आहे. गोळ्या कुठे ठेवायच्या?

कुलपात. लाल, गुळगुळीत, साखरेचं आवरण, मुलाला ती गोळ्या-चॉकलेटसारखीच दिसते. इथे पण हिशोब शुद्ध लोहाचाच करायचा, मुलाच्या वजनाच्या किलोमागे २० मिग्रॅच्या पुढे त्रास सुरू होतो आणि ६० च्या आसपास जिवावर बेतू शकतं. १० किलोच्या मुलाने ६० मिग्रॅच्या दहा गोळ्या खाल्ल्या की तो आकडा गाठला, म्हणजे दहाचा एक पत्ता. आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरं वाटतं आणि घरचे निश्चिंत होतात, त्यानंतर लिव्हर आणि रक्तदाब ढासळतो. त्यामुळे मूल खेळतंय म्हणून थांबू नका, उलटी करवू नका, पत्ता हातात घ्या आणि सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. तिथे पहिला प्रश्न हाच विचारतील की गोळी कुठली आणि तिच्यात लोह किती, तेव्हा ती बारीक अक्षरातली ओळ त्यांना दाखवा.